कस आणि दाम

जळगावच्या सराफ बाजारात सोने घ्यायला लांबलांबून माणसे येतात, ती केवळ भावासाठी येत नाहीत. भाव सगळीकडे जवळपास सारखाच असतो. जळगावची ख्याती आहे ती कसाची. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासला असता जी रेघ उमटते, तिच्यावरून सोन्याचा कस ठरतो. हाच शब्द आपण जमिनीला लावतो. ‘या रानात आता कस उरला नाही,’ असे यावल-रावेरकडचा शेतकरी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात सराफाचा दगड नसतो. पण वरून न दिसणारे, परीक्षेनेच कळणारे असे काही तरी दोन्ही ठिकाणी अभिप्रेत असते. दाम ही मात्र वेगळी गोष्ट. दाम उघड असतो, पाटीवर लिहिता येतो. गमतीचा भाग असा की, इतका घरचा वाटणारा हा शब्द मूळचा आपला नाही. ग्रीकांच्या ‘द्राख्मे’ या नाण्याचे नाव संस्कृतात ‘द्रम्म’ झाले आणि द्रम्माचा पुढे दाम झाला. ‘दाम करी काम’ असे म्हणताना आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका परकीय नाण्याचे नाव घेत असतो, हे आपल्या गावीही नसते.

कस आणि दाम जुळले की माणूस ‘सौदा बरा पडला’ म्हणतो. कस दामापेक्षा वरचढ निघाला तर घरी येऊन चार जणांना सांगतो. ग्रीसमधील छोट्या उत्पादकांच्या लाल वाइनच्या बाबतीत मला हा अनुभव आला. तो सांगताना मी भाषेकडे वळत राहीन, याची कल्पना वाचकांना आधीच दिलेली बरी. तीस वर्षे जो धंदा केला तो हातातून सुटत नाही.

भाषाविज्ञानाच्या एका परिषदेसाठी मी थेसालोनिकी येथे गेलो होतो. परिषदेतील निबंधवाचन संपले की आम्ही काही जण बंदरामागच्या गल्लीतील एका साध्या खाणावळीत जेवत असू. तेथे वाइन किलोवर मिळते. एक किलो, अर्धा किलो, पाव किलो, असेच मागायचे आणि ती पत्र्याच्या उभट भांड्यात समोर येते. आपल्याकडे खेड्यात गोडेतेल लिटरच्या जमान्यातही किलोनेच मागणारी माणसे आहेत. त्यामुळे मला त्यात परके असे काही वाटले नाही. सोबत भाजलेल्या वांग्याचा लगदा आला. लसूण, तेल, वर थोडी कोथिंबिरीसारखी एक पाने. ग्रीक लोक त्याला ‘मेलिद्झानोसालाता’ म्हणतात. मी त्याला भरीत म्हटले. बामणोदच्या हिरव्या वांग्याची सर त्याला नव्हती आणि कपाशीच्या काड्यांवर भाजल्याचा वासही नव्हता. पण जात तीच होती. परमुलखात ताटात भरीत दिसल्यावर खानदेशी माणसाची भीड चेपते. मी पेला उचलला.

पहिला घोट आंबट लागला आणि त्यामागून तुरटपणा जिभेवर चढत गेला. कच्च्या जांभळाने जीभ जशी आखडते तशी. मी पेला खाली ठेवला, भरिताचा घास घेतला आणि पुन्हा एक घोट घेतला. आता तीच आंबट-तुरट चव तेलकट घासाला छेद देऊन गेली आणि मागे उन्हात वाळवलेल्या टोमॅटोसारखा काहीसा खारट-गोडसर स्वाद उरला. रंगही फार गडद नव्हता. पाणी घातलेल्या कोकमाच्या सरबताइतकाच. हे काय आहे, असे मी शेजारच्या सहकाऱ्याला विचारले. तो म्हणाला, ‘क्सिनोमाव्रो.’ मी नावाचा अर्थ विचारला. ‘क्सिनो’ म्हणजे आंबट, ‘माव्रो’ म्हणजे काळे. आंबटकाळी!

इतके सरळ नाव ऐकून मला फार बरे वाटले. फ्रेंच वाइनच्या बाटलीवर किल्ल्यांची आणि सरदारांची नावे असतात. येथे एका शेतकऱ्याने द्राक्ष तोंडात टाकले, डोळे बारीक केले आणि जे वाटले ते नाव ठेवले. पुढील दोन-तीन दिवसांत मी भेटेल त्याला द्राक्षांच्या वाणांची नावे विचारीत सुटलो. पेलोपोनीझमधील नेमेआचे ‘आयोर्यीतिको’ म्हणजे सेंट जॉर्जचे द्राक्ष. सांतोरिनी बेटावरचे ‘माव्रोत्रागानो’ म्हणजे काळे-करकरीत, दाताखाली वाजणारे. क्रीटमधील ‘ल्यातिको’ हे नाव जुलै महिन्यावरून आले असे सांगतात, कारण ते लवकर पिकते. माझ्या डोळ्यांपुढे लगेच आपल्या केळीच्या बागा उभ्या राहिल्या. जून-जुलैत लावलेली ती मृगबाग आणि पावसाळा सरल्यावर लावलेली ती कांदेबाग. नक्षत्रावरून, ऋतूवरून, सोबतच्या पिकावरून बागेला नाव देणारा शेतकरी आणि जुलैवरून द्राक्षाला नाव देणारा शेतकरी एकाच व्याकरणशाळेत शिकलेले असावेत.

वाइनसाठी ग्रीकांचा जुना शब्द ‘ओइनोस’. आज बोलण्यातला शब्द मात्र ‘क्रासी’ आहे आणि तो ‘क्रासिस’ या शब्दावरून आला. त्याचा अर्थ मिश्रण. प्राचीन ग्रीक लोक वाइनमध्ये पाणी मिसळून पीत. तसेच्या तसे पिणे त्यांना रानटीपणाचे वाटे. मिसळण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडली की मिश्रणाचे नावच पेयाला चिकटले. यात आपल्यासाठी आणखी एक सुख आहे. ग्रीक व्याकरणात एका शब्दाच्या शेवटचा आणि दुसऱ्याच्या आरंभीचा स्वर एकमेकांत मिसळतात, त्यालाही ‘क्रासिस’च म्हणतात. म्हणजे आपला स्वरसंधी. संधीचे नियम पाठ करताना कंटाळलेल्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

परिषद संपल्यावर एक दिवस मोकळा होता. थेसालोनिकीच्या पश्चिमेला, व्हेर्मियो पर्वताच्या पायथ्याशी नाउसा नावाचे गाव आहे. तेथील लाल वाइनला १९७१ मध्ये कायद्याने स्थाननाम मिळाले आणि ते नाव बाटलीवर लावायचे तर आतील वाइन केवळ क्सिनोमाव्रोचीच असावी लागते. आम्ही ज्या कुटुंबाकडे गेलो त्यांचा मळा आपल्याकडील मध्यम बागाइतदाराएवढा असेल. तळघरात लाकडी पिंपे होती, त्यांच्यावर खडूने वर्षे लिहिलेली होती. मालक, त्याची बहीण आणि तिचा मुलगा हेच सगळे करीत. त्यांनी पाच वर्षे ठेवलेली एक बाटली उघडली. खाणावळीतली तुरट चव येथे मुरून मऊ झाली होती. लोणचे मुरते तशी. भाव विचारला तर दहा-बारा युरो. माझ्यासोबत वाइनची जाण असलेला एक इटालियन अध्यापक होता. तो म्हणाला की, त्याच्या देशात इतक्या कसाची बाटली याच्या तिप्पट दामाला जाईल.

मग ही इतकी स्वस्त का, असे मी त्या बहिणीला दुभाष्यामार्फत विचारले. ती हसली आणि म्हणाली, ‘लोकांना नाव उच्चारता येत नाही. ज्याचे नाव घेता येत नाही ते हॉटेलात कोण मागणार?’

गेली कित्येक वर्षे मी वर्गात सांगत आलो आहे की, भाषेचे सामर्थ्य आणि भाषेची प्रतिष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहिराणीत जे सूक्ष्म भेद दाखवता येतात ते प्रमाण मराठीत कधी कधी चार शब्द खर्चूनही दाखवता येत नाहीत. तरी धुळ्याच्या मुलाखतीच्या खोलीत उमेदवार अहिराणी शब्द तोंडातून निसटू नये म्हणून जीव मुठीत धरून बसतो. प्रतिष्ठा ही बोलणाऱ्यांच्या सत्तेवरून ठरते, भाषेच्या अंगच्या गुणांवरून नव्हे. हे मी समजावून सांगत असे आणि विद्यार्थी ते परीक्षेत लिहीत. नाउसाच्या तळघरात तेच तत्त्व मला युरोच्या हिशेबात दिसले. कस पूर्ण, प्रतिष्ठा अपुरी. या दोहोंमधील फट म्हणजेच गिऱ्हाइकाचा फायदा. आणि त्याच फटीत उत्पादकाचे नुकसान. मला जो सौदा बरा पडला तो त्या बहिणीला बरा पडला होता, असे मी खात्रीने म्हणणार नाही.

या वाणांतील काही तर नामशेष होण्याच्या बेतात होती. थेसालीतील ‘लिम्नियोना’ या काळ्या द्राक्षाच्या मोजक्याच वेली उरल्या होत्या. तिर्नावोस येथील एका तरुण उत्पादकाने, ख्रिस्तोस झाफिराकिस यांनी, ते पुन्हा लावून त्याची वाइन बाजारात आणली. नाउसाच्या क्सिनोमाव्रोला पुन्हा उभे करण्यात यान्निस बुतारिस यांचा वाटा मोठा. त्यांच्या घराण्याचा वाइनचा व्यवसाय १८७९ पासूनचा. ते स्वतः पुढे थेसालोनिकीचे महापौर झाले. या गृहस्थांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. दारूचे व्यसन आपल्याला जडले होते, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. ते सुटल्यावर ते मद्यापासून दूर राहिले आणि तरीही वाइन करीत राहिले. उत्तम वाइन करणारा आणि ती न पिणारा माणूस! खानदेशात वाइनविषयी बोलताना मला हा माणूस नेहमी आठवतो, कारण येथे बोलणे सोपे नाही.

सोपे नाही, याला कारणे आहेत आणि ती खरी आहेत. ज्या गावात दारूने घरे बसली तेथे ‘वाइनचा कस’ वगैरे भाषा ऐकून बायकांनी दार लावून घेतले तर त्यांना दोष देता येत नाही. गावातील दारूचे दुकान मतदानाने बंद करण्यासाठी बायका ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारतात, तेव्हा त्या मतपत्रिकेमागे काय काय सोसलेले असते ते आपण जाणतो. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा महाराष्ट्राचे ‘मद्यराष्ट्र’ होणार, अशी टीका झाली. उलट बाजूने ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे उत्तर आले. तो निर्णय पुढे अमलात आला नाही. पण ते महिनाभराचे भांडण मला भाषेच्या दृष्टीने फार उद्बोधक वाटले, कारण ते मुळात एका शब्दाच्या अर्थावरचे भांडण होते.

‘दारू’ हा फारसी शब्द; त्याचा मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’ या आपल्या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. बंदुकीची दारूही तीच. औषध, स्फोटक आणि मद्य या तिन्ही अर्थांचा संसार एका शब्दात सुखाने चालतो. आणि गंमत पाहा, १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली मिळणारा पिण्याचा परवाना हा आरोग्याचे रक्षण करण्यासाठी म्हणून दिला जातो. कायद्याने फारसी मूळ अर्थ पाळला, असे म्हणायला हरकत नाही. वाइन ही दारू आहे काय, या प्रश्नाला माझे उत्तर सरळ आहे: आहे. तिच्यात मद्यार्क आहे आणि तो यकृताला फ्रेंच की देशी असे विचारीत नाही. जेवणासोबत पेलाभर घेणारा माणूस आणि सकाळी गुत्त्यावर उभा राहणारा माणूस यांत फरक आहे, तो मात्र पेयाच्या नावाने झाकू नये. जळगावात दुकानदार बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. मी ती तशीच घरी आणतो. शेजाऱ्यांपासून लपवण्यासाठी नव्हे, तर गल्लीतल्या मुलांना ती शोभेची वस्तू वाटू नये म्हणून.

याच संदर्भात सातपुड्यातील मोहाच्या फुलांच्या दारूचा उल्लेख केला नाही तर ते अप्रामाणिकपणाचे ठरेल. ग्रीसमधल्या छोट्या उत्पादकाचे कौतुक करायचे आणि शिरपूर-चोपड्याच्या वर डोंगरात घरच्या चुलीवर मोहाची काढणाऱ्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबाला गुन्हेगार समजायचे, यात विसंगती आहे. मध्य प्रदेशाने अलीकडे आदिवासी बचतगटांना मोहाची दारू ‘वारसा मद्य’ म्हणून करण्यास व विकण्यास मुभा दिली. त्यातील आलिराजपूर जिल्हा आपल्या नंदुरबारला लागूनच आहे. एका बाजूला वारसा, दुसऱ्या बाजूला छापा आणि मध्ये केवळ नर्मदा. (‘मोह’ या शब्दावर कोटी करण्याचा मोह मी येथे आवरतो.)

ग्रीसहून परतल्यावर मी नाउसाची वाइन येथे मिळेल काय याची चौकशी केली. मुंबईतील एका विक्रेत्याने सांगितलेला दाम ऐकून मी फोन ठेवला. आयात वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिले आहे. त्यावर वाहतूक, राज्याचे कर आणि मधल्या हातांचा नफा. दहा युरोची बाटली येथे येईपर्यंत तिचा कस तेवढाच राहतो आणि दाम कुठल्या कुठे जातो. स्वस्ताई प्रवास करू शकत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी परिस्थिती निराळी असावी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या वाटाड्यात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात वाइन पहिल्यांदा येते; इटलीची अधिक पसंतीची, शिवाय लाओदिकियाची आणि अरबस्तानची. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, असेही तो सांगतो. ती वाट तापी ओलांडल्याखेरीज जात नाही. नेवाशाच्या उत्खननात वाइन वाहून आणणाऱ्या मातीच्या उभट कुंभांचे तुकडे सापडले आहेत. तेव्हा यवनांची वाइन या मुलखातून बैलांच्या पाठीवर गेलेली आहे. यवनही आले, नाशिकच्या पांडवलेण्यांतील सतरावे लेणे कोरवून घेणारा इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा ‘योणक’ म्हणवतो. नाव संस्कृत, कूळ ग्रीक, शिलालेख प्राकृत. आंतरभाषिक संपर्काचे इतके नेटके उदाहरण पाठ्यपुस्तकालाही सुचले नसते.

वाइनला तिच्या गावावरून नाव द्यावे, हा विचार युरोपातून आला असे आपण समजतो. पाणिनीच्या अष्टाध्यायीत चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातील नव्याण्णवावे सूत्र केवळ ‘कापिशी’ या एका नगरीच्या नावाला प्रत्यय लावण्यासाठी आहे. त्यावरून ‘कापिशायन’ हा शब्द सिद्ध होतो आणि वृत्तिकार उदाहरण देतात ते तेथल्या मधूचे आणि द्राक्षांचे. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचे आजचे बेग्राम. कौटिल्यही अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला मधू म्हणतो आणि त्याची कापिशायन व हारहूरक ही नावे त्या त्या देशांवरून पडली असे सांगतो. एका शहराच्या वाइनचे नाव शुद्ध बनावे म्हणून व्याकरणकाराने स्वतंत्र सूत्र खर्च करावे, याहून मोठी भौगोलिक मानांकनाची नोंद मला ठाऊक नाही. सूत्रकार अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानीत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या खर्चाचे मोल कळते.

जळगावच्या केळ्याला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये असे मानांकन मिळाले. नाशिक व्हॅलीच्या वाइनलाही ते आहे. परदेशी बाटली परवडत नाही म्हटल्यावर मी तिकडे वळलो. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने निघाले की मालेगाव, चांदवड आणि घाट उतरून पिंपळगाव बसवंत. तेथून पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव सुरू होतात. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फसफसणारी वाइन करून ती परदेशात पाठवली. १९९० च्या दशकात राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ वाइनची द्राक्षे लावली आणि २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचे स्वतंत्र धोरण आणले. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क झाले. मोठ्या नावांबद्दल मला फार सांगायचे नाही. ती रस्त्यावरील फलकांवर आहेतच. मी शोधत होतो ते छोटे. कुंदेवाडीला रेवेलोने इटलीतील वाणे आणून लावली. इगतपुरीकडे कावनईला व्हॅलोने आहे. अशा ठिकाणी काही वेळा मालक स्वतः पेला भरून देतो आणि आपण काय म्हणतो ते कान देऊन ऐकतो. चार-पाच खेपांनंतर माझ्या ध्यानात आले की, नाशिकच्या चांगल्या लाल वाइनमध्ये पिकलेल्या फळाचा भर असतो आणि आंबटपणा मात्र लवकर ओसरतो. आपल्याकडे हिवाळ्यात वेल पुरता झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून त्याच्याकडून एक पीक घ्यावे लागते. ‘गोडी छाटणी’! हा शब्द ज्याने प्रथम वापरला त्याला साहित्याचे पारितोषिक द्यायला हवे होते. खुंटावर डोळा बांधून केलेले ते कलम, आणि कलम म्हणजे लेखणीही. हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि अरबीत तो ग्रीक ‘कालामोस’वरून, म्हणजे बोरूवरून गेला. मळ्यात आणि वहीत एकच ग्रीक शब्द राबतो आहे.

नावांची गोष्ट मात्र येथे उलटी होती. मळ्यात मराठी, बाटलीवर फ्रेंच. कॅबरने, शिराझ, शनँ. शिराझ हे इराणातील शहराचे नाव म्हणून काही जण त्याचे पौर्वात्य मूळ सांगतात. पण ते फ्रान्समधीलच दोन वाणांचे अपत्य असल्याचे विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकीय तपासणीने ठरले. खायच्या द्राक्षांना नावे देताना आपला शेतकरी इतका मुका नव्हता. नाशिककडे जुनी वाणे होती ती भोकरी, फकडी, पंढरी साहेबी. हैदराबादकडून आली ती अनाब-ए-शाही. अनाब म्हणजे अरबीत द्राक्ष. तिच्या वळणावर तासगावकरांनी आपल्या वाणाला ‘तास-ए-गणेश’ असे नाव दिले. तासगावचा ‘तास’, फारसी षष्ठीचा ‘ए’ आणि गणपती. असा समास कोणत्याही व्याकरणात बसणार नाही आणि म्हणूनच तो मला प्रिय आहे. वाइनच्या द्राक्षांच्या वाट्याला असे एकही नाव का आले नाही, हा प्रश्न घेऊन मी फिरत होतो.

त्याचे अर्धे उत्तर मला धुळ्याच्या अभ्यासकेंद्रावर मिळाले. संपर्कसत्राला नियमित येणारे एक विद्यार्थी होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, गाव निफाड तालुक्यातले, नोकरीमुळे धुळ्यात स्थायिक. शब्दांच्या व्युत्पत्तीवर बोलताना मी आंबटकाळीची गोष्ट सांगितली. वर्ग हसला. तास संपल्यावर ते थांबले.

“सर, आमच्याकडेबी होती वाइनची द्राक्षं. दोन एकर.”

“कोणती?”

“काबरणी म्हणायचे आमचे दादा. कागदावर इंग्रजी नाव होतं, पण दादांना ते वाचता येत नव्हतं. मग आम्ही सगळेच काबरणी म्हणायला लागलो.”

वडिलांना ते दादा म्हणत. मी त्यांना बसायला सांगितले. करार करून लावलेली बाग होती. पहिली दोन-तीन वर्षे माल गेला, पैसे आले. मग २००८ नंतरचा काळ आला. मंदी, गोदामांत साठलेली वाइन, बंद पडत गेलेल्या वायनऱ्या. त्या हंगामात माल तयार झाला आणि गाडी आली नाही. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजार समितीत त्याला कोण विचारणार? “दादा आठ दिवस रोज बांधावर जाऊन उभे राहायचे,” ते म्हणाले. “माल काळा पडून गळायला लागला तेव्हा त्यांनी पाखरं हाकणं बंद केलं. म्हणाले, खाऊ द्या, कुणीतरी खाल्लंच पाहिजे.” पुढच्या वर्षी त्यांनी बाग उपटली आणि टोमॅटो लावला. बोर्डो आणि नाउसाच्या गप्पा मारणाऱ्या माणसाने यावर काय बोलावे? मी काही बोललो नाही.

नाउसाच्या त्या बहिणीजवळ निदान तळघर होते. वर्षभर माल गेला नाही तर ती पिंपात ठेवू शकत होती. तिच्या द्राक्षाचे नाव, कितीही अवघड असले तरी, तिचे होते आणि त्या नावाला गावाचे व कायद्याचे पाठबळ होते. यांच्या दादांजवळ होते फक्त फळ, आणि तेही दुसऱ्याने ठरवलेल्या नावाचे. ‘काबरणी’ हा शब्द मराठी होऊ लागला होता. उच्चार जिभेला सोयीचा झाला होता, शेवटचा स्वर बदलून तो स्त्रीलिंगी झाला होता, घरातल्या बायका तो सहज वापरत होत्या. परका शब्द घरचा होण्याच्या सगळ्या पायऱ्या त्याने चढल्या होत्या. शब्द रुजायला दोन पिढ्या लागतात. बाग सहा-सात वर्षांत गेली.

मी त्यांना सुचवले की, त्यांनी आपला प्रकल्प याच विषयावर करावा: निफाड परिसरातील द्राक्षशेतीची शब्दसंपदा. ते आधी संकोचले. असले शब्द विद्यापीठाला चालतील का, असे त्यांनी दोनदा विचारले. मग दोन महिन्यांनी शंभर पानी वही घेऊन आले. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि कोणी सांगितला त्याचे वय. डोळा, खुंट, काडी, सबकेन, मालकाडी, विरळणी, फुटवा, घड जिरणे, मणी तडकणे. ‘सबकेन’ला त्यांनी ‘इंग्रजीतून आलेला, पण सगळे वापरतात’ असा शेरा मारला होता, तो मी तसाच ठेवायला सांगितला. ‘क’ या अक्षराखाली ‘काबरणी’ होती. अर्थाच्या रकान्यात लिहिले होते: वाइनचे काळे द्राक्ष, मणी बारीक, साल जाड, चव गोड पण मागून तुरट. आणि त्याखाली, कंसात: आता कोणी लावत नाही, विहिरीजवळ चार वेल आहेत.

त्या चार वेलींचे काय करता, असे मी विचारले.

“आई खाते, सर. आणि दादा गेल्यापासून पाखरं हाकायचं काम तिनं घेतलंय.”